काझी सरांचे पेशंट

दरवर्षी फर्स्ट इयरचा निकाल लागला की आमच्या कॉलेजात एक मीटिंग होते. मी नांदेडला एका मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवते, म्हणजे शरीर कसं चालतं ते. मीटिंगचा विषय कधी बदलत नाही. एवढ्या मोठ्या चाळणीतून निवडून आलेली ही मुलं पहिल्याच वर्षी नापास का होतात, आणि कोण होणार ते आधी ओळखता येईल का? उत्तरंही ठरलेली असतात. ॲनाटॉमीचे सर म्हणतात, मराठी मीडियम. बायोकेमिस्ट्रीच्या मॅडम म्हणतात, मोबाइल. वॉर्डन म्हणतात, बापाकडं पैसा जास्त झालाय. त्यांच्या शेजारचे म्हणतात, बापाकडं पैसाच नाही, पोरगं अभ्यास काय करणार. मग कोणीतरी नीटचे मार्क काढतं, कोण कुठल्या कोट्यातून आलं ते आडून आडून बोलतं, आणि थोडा वेळ सगळे आपापल्या चहाकडे बघत बसतात.

काझी सर होते तेव्हा नेमक्या या वेळी खुर्ची मागं सरकल्याचा आवाज यायचा.

"साहेब, मार्क म्हणजे दारावरचा पास झाला. दाखवला, पोरगं आत आलं. आता आत आल्यावर ते जेवतंय का, झोपतंय का, ते बघा ना. पासकडं काय बघून राहिलात?"

"मग तुम्हीच सांगा कोण नापास होणार ते," डीन म्हणायचे.

"सांगतो की. माझ्याकडं पाठवा एकेकाला. एक कप चहा लागतो, जास्त काही नाही."

आणि सर सांगायचे. त्यांचा अंदाज सहसा चुकायचा नाही. मीटिंगमधल्या बाकीच्यांच्या कारणांपेक्षा सरांचा तो एक कप चहा जास्त खरा ठरायचा, हे मी बाजूच्या टेबलावरून कित्येक वर्षं पाहिलं. म्हणून आजही मीटिंगमध्ये तो प्रश्न निघाला आणि कोणी म्हणालं, "काझी सरांची काहीतरी पद्धत होती ना, मॅडम?" तर मी वर बघत नाही.

काझी सर आमच्या विभागाचे प्रमुख. जुन्या नांदेडातले. वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि सरांचं लहानपण त्या दुकानातच गेलं. घरात उर्दू, गिऱ्हाइकांशी मराठी, देगलूरकडच्या बायका आल्या की थोडी तेलुगू. उंच, खांद्यात वाकलेले. प्रोजेक्टरशी त्यांचं वैर होतं. "पडद्यावर आलेली किडनी कोणी बघत नाही. समोर काढून दाखवली की बघतात," म्हणायचे आणि तासभर रंगीत खडूंनी फळा भरून टाकायचे. शुद्ध रक्त लाल, अशुद्ध निळं, लघवी पिवळी. तास संपला की ॲप्रनच्या उजव्या खिशाला लागलेला खडूचा रंग पाहून सर आज काय शिकवून आले ते कळायचं.

डबा घरचा. सकाळचा म्हणजे खिचडी आणि खट्टा, तीळ-चिंचेचा, आंबट. विभागातल्या मोठ्या टेबलावर उघडायचा आणि त्या वेळी जो खोलीत येईल त्यानं दोन घास खायचे, मग तो शिपाई असो की बिलावर सही घ्यायला आलेला काचसामानाचा विक्रेता. मी पहिल्या दिवशी "माझा उपवास आहे" म्हणाले तर म्हणाले, "बिराजदारबाई, उपवास उद्या करा. आज खट्टा जमलाय."

मुलांना ते आडनावानं हाक मारत नसत. हजेरी शिपायाकडून घ्यायची, आणि वर्गात गावाच्या नावानं बोलवायचं. "ए भोकर, उठ." "निलंगा, तू सांग." निलंग्याची मी, त्यामुळं कधीकधी मीच दचकायची. कोणी आडनाव सांगायला लागलं की हात वर करायचे. "गाव सांग बेटा. बाकीचं माझ्या कामाचं नाही." उत्तर फारच चुकलं तर खुर्चीत बसून घ्यायचे आणि हळूच म्हणायचे, "सुभानअल्लाह." एका मुलानं हृदयाला पाच कप्पे सांगितले तेव्हा सर म्हणाले, "सुभानअल्लाह. पाचवा कोणासाठी ठेवलास?" तो मुलगा आज हृदयरोगतज्ज्ञ आहे.

आता ती पद्धत. नवीन बॅच आली की पहिल्या महिन्यात सर एकेकाला आपल्या खोलीत बोलवायचे. दार उघडं, आणि मध्ये नुसतं प्लायवूड असल्यामुळं अलीकडे मला सगळं ऐकू यायचं. सर आपला हात टेबलावर उताणा ठेवायचे आणि म्हणायचे, "मोज." मुलानं सरांची नाडी मोजायची. पूर्ण मिनिट. "अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही. ती लातूरच्या क्लासची घाई लातूरला ठेवून यायची." मिनिट झालं की चहा. आणि चहासोबत तीन प्रश्न, तेही असे, जणू काही सहजच.

रात्री जेवायला कोणासोबत बसतोस? एखाद्या सकाळी तू दिसला नाहीस तर तुझं दार कोण वाजवेल? आणि टेस्टमध्ये मार्क कमी पडले तर पहिला फोन कोणाला?

"दुसऱ्याच्या मनगटावर बोटं ठेवली की माणूस थोडा वेळ तरी खरं बोलतो," असं सरांचं म्हणणं.

एका वर्षी नीटला आमच्याकडं पहिला आलेला मुलगा होता. इंग्रजी फाडफाड. तो जाऊन दोन मिनिटं झाली नाहीत तर सर प्लायवुडाच्या या बाजूला आले. "हा अडकणार."

"सर, तो टॉपर आहे."

"असेल. जेवणाचं ताट खोलीत घेऊन जातो. दार कोण वाजवेल विचारलं तर म्हणाला, मोबाइलला अलार्म आहे."

त्याच दिवशी भोकरची एक मुलगी येऊन गेली होती. जिल्हा परिषदेची शाळा, मार्क बॅचमध्ये शेवटून दुसरे की तिसरे, इंग्रजी शब्द म्हणताना डोळे मिटायची. सर म्हणाले, "भोकर पास. तिला विचारलं दार कोण वाजवेल, तर हसायला लागली. म्हणाली, आम्ही सहाजणी एका मजल्यावर आहोत सर, दार लावतंच कोण."

भोकर पास झाली. तो टॉपर पहिल्या अंतर्गत परीक्षेत आपटला.

जे अडकणार वाटायचे त्यांना सर रोज संध्याकाळी सहा वाजता आपल्या खोलीत बसवायचे. शिकवायचे असं नाही. बोलायला लावायचे. "लिहिता येतंय तुम्हाला, गोल काळे करता येतात. आता तोंडानं सांगा." टॉपर तिथंच बोलायला शिकला, तिथंच खिचडी खायला शिकला, आणि सुटला. अशी कितीतरी मुलं सुटली. हे खरं आहे आणि ते कोणी नाकारू नये.

पण बाकीची मुलं त्यांना 'काझी सरांचे पेशंट' म्हणायची. एकदा जिन्यात दोघं बोलत होते ते मी ऐकलं.

"काय रे, तुला ॲडमिट करून घेतलं का सरांनी?"

"न्हाई बाबा. ओपीडीतूनच सोडलं. वाचलो."

मी येऊन सरांना सांगितलं. सर खूप हसले. पुढं तो विनोद आमच्या स्टाफरूममध्येही चालू झाला. "यंदा पेशंट किती, सर?" "खाटा भरल्यात." असं आम्ही मोठ्यानं बोलायचो, आणि प्रॅक्टिकलच्या वह्या घेऊन मुलं दारात उभी असायची.

मग एक बॅच आली, जिच्यात एकही पेशंट निघाला नाही. सगळी मुलं तिघं-चौघं मिळून जेवत होती. सगळ्यांची दारं कोणी ना कोणी वाजवत होतं. सगळ्यांचा पहिला फोन आईला जात होता. प्लायवुडामागून तीच तीच उत्तरं ऐकताना मला बरंच वाटलं. मुलं सुधारली, असं वाटलं. सर तर हरखून गेले होते. मीटिंगला जिलेबी घेऊन आले आणि डीनना म्हणाले, "साहेब, या वर्षी माझ्याकडं काही काम नाही. पोरं एकमेकांना धरून आहेत." संध्याकाळी सहाची खोली त्या वर्षी बंद राहिली.

त्या बॅचमध्ये इस्लापूरची सुकेशनी होती. वडील वीज ऑफिसात वायरमन, आई अंगणवाडीत मदतनीस. लातूरला दोन वर्षं नीटची तयारी करून आलेली. तिच्या निवडीचा फ्लेक्स गावाच्या स्टँडसमोर लागला होता. त्यात कॉम्प्युटरवर चढवलेला पांढरा ॲप्रन आणि गळ्यात स्टेथोस्कोप. तो फोटो तिनं मला एकदा मोबाइलवर दाखवला होता आणि लगेच मोबाइल पालथा ठेवला होता. चार पर्यायांतून एक निवडायचा असेल तर ती डोळे झाकून बरोबर निवडायची. तोंडी परीक्षेला समोर उभं केलं की गप्प. सरांना मात्र काळजी वाटली नाही. "इस्लापूर एक नंबर. चौघी मिळून जेवतात, रूममेट दार वाजवते. ही निघते."

निकाल लागला तेव्हा आमच्या विषयात इतक्या वर्षांत पडली नव्हती इतकी मुलं पडली. सुकेशनी त्यात होती. बाकी दोन्ही विषय सुटले, फिजिऑलॉजी गेलं. सर निकालाच्या कागदावरून खडूचं बोट फिरवत बसले. त्या दिवशी डबा उघडला नाही.

सप्लिमेंटरी परीक्षा महिन्याभरावर होती. तीत बसून पास झालं तर मूल आपल्या बॅचसोबत पुढं जातं. बसलं नाही तर एक वर्ष मागं, खालच्या बॅचमध्ये. नापास झालेली सगळी मुलं येऊन भेटून गेली, सुकेशनी आली नाही. हॉस्टेलवर विचारलं तर म्हणाले, घरी गेली. सरांनी तिच्या वडिलांना फोन लावला. माझ्यासमोर, स्पीकरवर.

"हाव सर, बोला की. पास झाली म्हून सांगितलं तिनं. आम्ही पेढे वाटले गावात. तिथंच हाय न्हवं?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. "आहे, आहे. चांगली आहे. मी सहजच केला होता फोन."

"काही कमीजास्त केलं का तिनं?"

"नाही हो. हुशार आहे." फोन ठेवून सर म्हणाले, "आता माझंही खोटं बोलून झालं."

मी तिला मेसेज टाकला. घरी काही सांगितलेलं नाही, फोन उचल. फोन तिनं उचलला नाही, पण तासाभरानं उत्तर आलं. 'लातूरला आहे मॅडम. जुन्या मेसवर.'

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गाडीनं आम्ही निघालो. सर एरवी प्रवासात अखंड बोलायचे. त्या दिवशी लोहा गेलं, अहमदपूरला चहा झाला, चाकूर मागं पडलं, तरी बोलले नाहीत. मला तेच बरं होतं. लातूर माझं सासर. तिथल्या त्या गल्ल्या मला पाठ आहेत, जिथं घराघराच्या वरच्या मजल्यावर पत्र्याच्या खोल्या आणि खोलीखोलीत मुलं. आमच्याही घरावर आहेत. जिन्यात मुलींच्या चपला दिसतात. मुली क्वचित दिसतात, आणि त्यांची नावं मी कधी विचारलेली नाहीत. कोणी चार दिवस खाली उतरली नाही तर माझ्या सासरच्या कोणाला कळणार नाही, हा विचार मला त्या दिवशी गाडी लावताना पहिल्यांदा आला.

मेसवाल्या मावशींनी आमचं जोरात स्वागत केलं. "या की सर. कॉलेजचे का तुम्ही? रिपीटला आली का म्हटलं ती. लई पोरी येतात परत, अजून मोठं कॉलेज पाहिजे म्हून. हुशार हाय बरं का. माझ्या मेसच्या पोरींचे फोटो लावलेत बघा भिंतीवर."

भिंतीवर डॉक्टर झालेल्या, म्हणजे मेडिकलला लागलेल्या मुलींचे फोटो होते. सुकेशनीचा खालच्या रांगेत, हार घातलेला. मावशी म्हणाल्या, ती हल्ली भिंतीकडं पाठ करून जेवते, ऊन लागतंय म्हणते.

वरच्या खोलीत ती पलंगावर पुस्तक उघडून बसली होती. आम्हाला बघून उठली, ओढणी नीट केली. मी पुस्तकाकडं बघितलं. फिजिऑलॉजीचं नव्हतं. नीटच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचं होतं.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

"सोडवून राहिले, मॅडम. सगळी येतात." तिनं पान दाखवलं. खरंच सगळी बरोबर होती.

सर प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. "बेटा, परीक्षा आहे. अजून वेळ गेला नाही. चल."

"येते सर." येणार नाही असंच त्या आवाजात होतं.

"तू मला सांगितलं होतंस, चौघी मिळून जेवता. त्या बाकीच्या तिघी कुठं आहेत? त्यांना बोलू का मी?"

तिनं माझ्याकडं बघितलं.

"सर, ते उत्तर सगळ्यांचंच तसं असतंय."

"कसं म्हणजे?"

"सिनिअर सांगतात. पहिल्याच आठवड्यात. काझी सर नाडी मोजायला लावतात, मग तीन प्रश्न, त्याची उत्तरं ही. पाठ करून जातो आम्ही. कोणी तिघी म्हणायचं, कोणी चौघी. सगळ्यांनी एकसारखं बोलू नका म्हून पण सांगतात."

खालून कुकरची शिट्टी आली. सरांनी ती पूर्ण होऊ दिली.

"कशासाठी?"

"पेशंट होऊ नये म्हून."

"आणि तुझं खरं उत्तर काय होतं?"

"ताट खोलीत न्यायचे. रूममेट तिथलीच, तिचं घर नांदेडातच. आठवड्यातून एखाद दिवस यायची." ती ओढणीच्या टोकाला पीळ घालत होती. "फोन आईलाच करायचे. पण मार्क सांगत नव्हते. तिकडं बोर्ड लागलाय सर, स्टँडवर. येताजाता बघते आई."

"मला सांगितलं असतंस तर..."

"तर तुम्ही सहा वाजता बोलावलं असतं." ती पहिल्यांदा सरांकडं बघून बोलली. "तुमच्या खोलीकडं कॉमनरूमसमोरून जावं लागतंय. एकदा गेलं की वर्षभर तेच नाव. ज्या गेल्या त्या पास झाल्या, मला माहीत हाय. रागावू नका सर. तुम्ही आडनाव विचारत न्हाई. बाकीचे विचारतात. मग म्हणतात, हां, म्हून लागली का मेडिकलला. त्यात अजून काझी सरांची पेशंट. मला न्हाई जमलं ते."

सरांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही, कारण मी बघितलं नाही. मी भिंतीवरच्या तिच्या जुन्या वेळापत्रकाकडं बघत होते. पहाटेपासून रात्रीपर्यंत सगळे तास भरलेले, प्रत्येकाला वेगळा रंग.

सर म्हणाले, "मग मी काय विचारायला पाहिजे होतं?"

"काहीच न्हाई. सगळ्यांना बोलवायचं, सर. निवडून न्हाई."

ती आमच्याबरोबर आली नाही. "बघते," म्हणाली. मी निघताना तिला एवढंच सांगितलं की हॉलतिकीट माझ्याकडून घे, ऑफिसात जायची गरज नाही. मावशींनी पोहे खायला लावले. सरांनी ते त्या फोटोंसमोर बसून मुकाट्यानं संपवले.

परत येताना अहमदपूरच्या अलीकडं ते बोलले. "बिराजदारबाई, मी समजत होतो मी पोरांना ओळखतो. मी एक एन्ट्रन्स काढली होती. तोंडी. तिचीही तयारी करून आली पोरं." थोड्या वेळानं म्हणाले, "आणि त्यांचं बरोबर होतं."

पुढच्या सोमवारी सरांनी नवीन बॅचचा तास घेतला. सप्लिमेंटरीची मुलंही मागं बसली होती. सुकेशनी नव्हती. सरांनी फळ्यावर काही काढलं नाही. टेबलाला टेकून उभे राहिले.

"माझे तीन प्रश्न तुम्हाला सिनिअरनी सांगितले असतील. उत्तरंही सांगितली असतील. ते प्रश्न आजपासून बंद. इतकी वर्षं मी काही पोरांना संध्याकाळी बोलावत होतो. त्यांना सगळ्यांसमोर आधी नापास ठरवत होतो आणि मग पास करत होतो. लोक हसत होते तेव्हा मीही हसत होतो. ते चुकलं माझं. माफ करा."

वर्गाला काय करावं कळेना. कोणीतरी दोन टाळ्या वाजवल्या आणि हात मांडीवर ठेवले. मागच्या बाकावरून एकाचं हसू फुटलं, घाबरून फुटतं तसं. मी दाराशी उभी होते आणि मला एवढंच वाटत होतं की सरांनी आता थांबावं, खडू हातात घ्यावा, काहीतरी काढावं. स्टाफरूममध्ये दुपारी कोणी म्हणालं, "रिटायरमेंट जवळ आली की माणूस हळवा होतो." कोणी सरांची बाजू घेतली नाही. मीही नाही.

संध्याकाळी सहाला सरांनी डेमो रूम उघडली. मोठी, दोन्ही बाजूंना दारं असलेली, सगळे दिवे लावलेली. कोणीही यावं, हजेरी नाही, नाव नाही. पहिले काही दिवस कोणीच आलं नाही. सर एकटेच फळ्यावर फुप्फुसं काढत बसायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. मग टॉपर यायला लागले. जास्तीचं काही मिळत असेल तर टॉपर ते सोडत नाहीत. आणि ते का जातात, तिथं काय देतात, म्हणून त्यांच्यामागून बाकीचे आले. पेशंट हा शब्द त्या खोलीत कसा आणि कधी मेला ते कोणाला कळलंही नाही.

सुकेशनी त्या खोलीत कधी आली नाही. ती नांदेडला परतली होती. मी तिला लायब्ररीत, कोपऱ्यातल्या खिडकीपाशी, ओठ हलवत वाचताना बघितलं होतं. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. मी विचारत होतो असं तिला सांगू नका." पण रोज सहानंतर दारात पाऊल वाजलं की त्यांचा खडू फळ्यावर थांबायचा. ती परीक्षेला बसेल की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. हॉलतिकीट तिनं माझ्याकडून नेलं होतं, पण नेणं वेगळं.

ती बसली आणि पास झाली, काठावर. ते आधीच सांगून टाकते. आता तिची इंटर्नशिप चालू आहे. वॉर्डात दिसली की मान हलवते आणि कामाला लागते. सर त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभ नको म्हणाले आणि डीननाही आग्रह करायचं सुचलं नाही. पुढं त्या दोघांची कधी भेट झाली का, मी विचारलेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर सर येतात ते त्या पेपरच्या सकाळचे.

परीक्षेचा हॉल आमच्याच मजल्यावर. मी दारात मुलांची ओळखपत्रं बघत होते. सर व्हरांड्याच्या त्या टोकाकडून येत होते, ॲप्रन घालून. सुकेशनी जिन्यातून वर आली. ती अजून हॉलतिकीट पिशवीतून काढत होती, तिनं सरांना बघितलं नव्हतं. सरांनी तिला बघितलं. ते जागच्या जागी थांबले. शेजारी आमची मोडकी यंत्रं टाकायची खोली आहे, तिची कडी त्यांनी काढली, आत गेले आणि दार ओढून घेतलं.

सुकेशनी माझ्यापाशी आली.

"मॅडम, सर आहेत का?"

दार पूर्ण लागलं नव्हतं. फटीतून ॲप्रनची पांढरी कड दिसत होती.

"काही काम होतं का?"

"न्हाई. तसंच. भेटावं म्हटलं."

"पेपर झाल्यावर बघ."

"हाव." ती आत गेली. खिडकीजवळची तिची जागा तिनं शोधली, पेन दोनदा बदललं, आणि खाली बघून वाचायला लागली. घंटा झाली, मी हॉलचं दार लावून घेतलं.

मग ती खोली उघडली. सर धूळ खात पडलेल्या यंत्रांच्या मधे उभे होते. हात खिशात.

"बसली?"

"बसली. तुम्हाला विचारत होती."

"ऐकलं मी."

"मग बाहेर यायचं होतं ना, सर. बरं वाटलं असतं तिला."

"मला बरं वाटलं असतं, बाई." त्यांनी बाहेर डोकावून व्हरांडा मोकळा आहे का ते बघितलं. "तिला तीन तास लिहायचंय. माझं तोंड बघून कशाला बसायचं पेपरला."

हॉलच्या खिडक्या मोठ्या जिन्याकडं उघडतात. तिथून उतरलं की आतल्या मुलांना दिसतं. सर मागच्या जिन्याकडं वळले, जो झाडणारे लोक वापरतात. त्याला दिवा नाही आणि वळणावर अंधारच असतो. मी वरून बघत होते. ते भिंतीला हात लावून एकेक पायरी चाचपत उतरत होते, बुटांचा आवाज होऊ नये म्हणून टाचा उचलून.